सांगलीच्या हवेत कासवाचं पिल्लू: फॉगर घ्यावा की कोकोपीट?

कासवाच्या पिल्लाच्या पेटीत हवा दमट ठेवायला फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र) घ्यावा की कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अंथरावं, हा प्रश्न आहे. पिल्लू सुलकाटा या आफ्रिकी जातीचं आहे असं धरून चालते. आपल्याकडची स्टार कासवं घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा त्यांचा विचारच नको. सुलकाटासारख्या परदेशी जातीचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, ती आधी उरका.

सुलकाटा सहाराच्या दक्षिण कडेचं, म्हणून त्याला कोरडंच लागतं असं अजून कितीतरी जण सांगतात. पण उन्हाच्या वेळी ते बिळात असतं आणि बिळात ओल असते. २००३ साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी सुलकाटाची पिल्लं पहिले पाच महिने वेगवेगळ्या आर्द्रतेत वाढवून पाहिली. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठीवर टेंगळं जास्त उंच आली. खाण्यातल्या प्रथिनांचा परिणाम त्यापुढे किरकोळ ठरला. एकदा आलेलं टेंगूळ पुन्हा बसत नाही, म्हणून मला हा विषय इतका जिव्हाळ्याचा वाटतो. पिल्लाला ७० ते ८० टक्के आर्द्रता हवी. सांगलीत एप्रिल-मेच्या दुपारी ती आपोआप मिळणं शक्यच नाही.

फॉगर दिसायला छान. बटण दाबलं की धुकं पसरतं आणि आर्द्रता मोजणाऱ्या मीटरचा आकडा झरझर वर जातो. मीही पहिल्या पिल्लासाठी तोच घेतला होता. डिसेंबरात रात्रभर चालू ठेवला, खोली गार पडली आणि चौथ्या दिवशी सकाळी पिल्लाच्या नाकपुडीवर बुडबुडा दिसला. श्वास घेताना ते मान लांब करत होतं. डॉक्टरांच्या औषधाने वाचलं, पण तो बुडबुडा डोळ्यांसमोरून जात नाही. ओल आणि गारवा एकत्र आले की कासवाच्या फुप्फुसांना त्रास होतो. दमट ठेवायचं तर रात्रीही २७ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. शिवाय बोअरचं जड पाणी फॉगरमध्ये घातलं की काचेवर, खाण्यावर पांढरी पूड बसते. म्हणजे पाणी आरओचंच हवं. आणि लाइट गेली की सगळंच थांबलं.

कोकोपीटला लाइट लागत नाही. साडेसहाशे ग्रॅमची वीट पाण्यात फुलवली की आठ-नऊ लिटर भरते. तीन-चार इंचांचा थर द्या आणि पाणी वरून शिंपडू नका, चारही कोपऱ्यांत ओता. ते तळाशी मुरतं, तळ ओला राहतो आणि वरचा थर कोरडा. हे महत्त्वाचं आहे, कारण पोटाखाली सतत चिखल असेल तर खालचं कवच कुजायला लागतं. मूठभर कोकोपीट दाबून पाहा: गोळा झाला आणि एखादाच थेंब निघाला की बरोबर. त्रास एवढाच की पाला त्यात पडून बुरशी धरतो. मी खाणं शहाबादी फरशीच्या तुकड्यावर ठेवते आणि आठवड्यातून एकदा कोकोपीट हाताने खालवर करते. लपायला फुटक्या माठाचा अर्धा भाग, कडा घासून, पालथा घातलाय. रोज सकाळी तो पाण्यात बुडवून ठेवते. माठाची भाजलेली माती पाणी पिते आणि आतली हवा दिवसभर ओलसर राहते.

मात्र वरून उघड्या पेटीत मे महिन्यात दिवसभरात सगळं सुकतं. तीन-चतुर्थांश भाग काचेने झाका. दुपारी आतलं तापमानही बघत राहा. झाकलेली पेटी चटकन भट्टी होते. जुलै-ऑगस्टमध्ये झाकण बहुतेक वेळ काढूनच ठेवावं लागतं.

तेव्हा पिल्लासाठी माझं मत सरळ कोकोपीट, माठ आणि अर्धवट झाकण. पेटी मोठी असेल, इन्व्हर्टर असेल आणि तापमान आपोआप सांभाळणारा हीटर असेल, तरच जोडीला फॉगर. मोठं झालेलं सुलकाटा चाळीस किलोंच्याही पुढे जातं, त्याला अंगण आणि कोरडा, उबदार निवारा लागतो. तिथे हा प्रश्नच उरत नाही.

दोन्हींपैकी काहीही घ्या, मीटर डिजिटल घ्या आणि तो कासवाच्या पाठीच्या उंचीवर लावा. आधी तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चार थेंब पाण्याने ओलं करा, मीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ हवा. ६८ दाखवला, तर पुढे प्रत्येक वेळी त्यात ७ मिळवून वाचा.