कलम की बाठा? हापूसमधून समजणारं पेशीविभाजन

देवगडच्या बागेतली हापूसची कलमं वर्षानुवर्षं हापूसच देतात. त्याच आंब्याचा बाठा रुजवा, झाड बहुधा वेगळं निघतं.

कलमाची काडी वाढते ती समसूत्री विभाजनाने. आंब्याच्या पेशीत 40 गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणारे धागे. एकीच्या दोन झाल्या तरी दोघींत तीच 40. म्हणून खुंट (ज्या रोपावर काडी बांधतात ते) रायवळ असला तरी वरची फांदी हापूसच राहते.

बाठ्याची सुरुवात मोहोरात होते. परागकण आणि अंडपेशी घडताना अर्धसूत्री विभाजन होतं: एका पेशीच्या चार, प्रत्येकीत 20 गुणसूत्रं. या विभाजनाच्या पहिल्याच टप्प्यात सजातीय गुणसूत्रं (आईबापांकडून एकेक आलेल्या जोडीतली) एकमेकांशी तुकडे बदलतात. हा पुनःसंयोग मुलांनी आकृती काढूनच समजून घ्यावा, नुसतं पाठ करून तो कळत नाही. फलनानंतर पुन्हा 40, पण निम्मी परागातून आलेली. जुळणी नवी, म्हणून चवही नवी.

बागायतदाराने कलमच लावावं, यात शंका नाही. नवी जात मात्र बाठ्यातूनच येते: वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून 1981 मध्ये ‘रत्ना’ दिला, आणि त्यात साका (गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष) होत नाही.