धरमपेठेतली ‘दोतोकु’ कार्यशाळा : माहिती पक्की, सराव अपुरा

जपानी शाळांमधल्या नीतिशिक्षणावर, म्हणजेच ‘दोतोकु’वर, शिक्षकांसाठी घेतलेली ही कार्यशाळा आशयात भक्कम आहे. ‘दोतोकु’ २०१८ पासून प्राथमिक आणि २०१९ पासून कनिष्ठ माध्यमिक शाळांत विशेष विषय झाला. वर्षाला ३५ तास, पहिलीला ३४. गुण नाहीत, फक्त वर्णनात्मक नोंद. हे सगळं नेमकेपणाने सांगतात.

४५ मिनिटांचा नमुना पाठ उत्तम : गोष्ट वाचायची, एकच मुख्य प्रश्न विचारायचा, मग मुलांना बोलू द्यायचं. इथेच आपली गाडी अडते. शिक्षक घाईने तात्पर्य सांगून टाकतात आणि मुलं अपेक्षित तेच उत्तर देतात. यावर फक्त दहा मिनिटं सराव, हे फारच कमी!

मुलांनीच वर्ग साफ करण्याबद्दलचा, म्हणजे वर्गसफाईचा भाग मात्र जरूर ऐका. सफाई शिक्षा म्हणून दिली की सगळंच बिघडतं. पाळीने, सर्वांनी, रोज करायची.