धान्यातील पाखरे: फ्रीझर, ऊन, सापळा की गोळ्या?

संध्याकाळी दिव्याभोवती करडी, बारीक पाखरे फिरू लागली आणि रव्याच्या डब्यात जाळी दिसली, म्हणजे कीड लागून बरेच दिवस झालेले असतात. उडणारे पाखरू धान्य खात नाही. खाते ती त्याची अळी, आणि रेशमासारख्या धाग्याने रव्याच्या गुठळ्या करते तीही तीच. म्हणून उपाय निवडताना तो अंडी व अळ्यांपर्यंत पोहोचतो का, हे आधी पाहावे.

या कसोटीला फ्रीझर सर्वांत चांगला उतरतो. रवा, बेसन, शेंगदाणे किंवा सुकामेवा किलो-किलोच्या बंद पिशव्यांत उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवल्यास अंड्यांसह सर्व कीड मरते. मात्र बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर आतील पदार्थ दमट होतो. अडचण जागेची आहे. वर्षाचा गहू फ्रीझरमध्ये मावत नाही.

तेवढ्या गव्हासाठी ऊनच योग्य, पण ते एप्रिल-मेचे, गच्चीवरचे आणि धान्य पातळ पसरून दिलेले. अळ्या उन्हाने बाहेर पडतात. अंडी मरायला मात्र धान्य स्वतः पन्नास अंशांच्या वर तापावे लागते, जे फ्लॅटच्या बाल्कनीत सहसा घडत नाही. वाळलेला गहू चाळून, पूर्ण निवल्यावरच कोठीत भरावा. तांदळाला कडक ऊन देऊ नये, कारण दाणा तडकून कणी होते.

मादीच्या गंधासारखा वास लावलेल्या चिकट फेरोमोन सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे त्याने कीड संपत नाही. ती घरात आहे का आणि कोणत्या कोपऱ्यात अधिक आहे, एवढेच समजते. शिवाय बाजारातील बहुतेक सापळे सुक्यामेव्यावरील दुरंगी पंखांच्या पतंगासाठी असतात आणि आपल्याकडे तांदळात सर्रास होणारा पतंग त्यांच्याकडे वळत नाही. कडुलिंबाचा पाला चांगल्या, अख्ख्या धान्यात प्रतिबंध म्हणून घालावा. जाळी धरलेल्या पिठाला त्याचा उपयोग नाही.

अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो, आणि बंद खोल्यांमध्ये झोपलेली माणसे, विशेषतः लहान मुले, त्याने दगावलेली आहेत. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची जुनी सवयही सोडावी. ती पोटात जाण्याची वस्तू नाही.

यांपैकी काहीही निवडले तरी पूर्ण वाढलेल्या अळ्या कोष करण्यासाठी डब्याबाहेर पडून झाकणाच्या आट्यांत, फळीच्या फटींत, भिंत व छत मिळते त्या कोपऱ्यात जाऊन बसतात. त्या जागा व्हॅक्यूम क्लीनरने किंवा ब्रशने साफ कराव्यात. उष्ण हवेत एक पिढी साधारण महिन्याभरात तयार होते, म्हणून शेवटचे पाखरू दिसल्यापासून दोन महिने दर आठवड्याला डबे उघडून पाहावेत.