दहा वर्षं गाडी चालवून पुन्हा शिकाऊ: स्विंडनमधली ड्रायव्हिंग टेस्ट आणि नंतरचे आठ महिने

एप्रिल २०२५ मध्ये मी इंग्लंडची ड्रायव्हिंग टेस्ट पास झाले, दुसऱ्या खेपेला. त्याला आता आठ महिने झाले. तेव्हापासून रोज गाडी चालवतेय, पाऊस, धुकं, काचेवरचा बर्फ सगळं अनुभवून झालंय. पास झाल्याच्या संध्याकाळी लिहायला बसले असते तर नुसता आनंदच उतरला असता. आता मात्र नीट सांगता येईल की या शिकण्यातलं रोज कामाला काय येतं आणि माझा वेळ नि पैसा कुठे वाया गेला.

मी सावंतवाडीची. तिकडे दहा वर्षं गाडी हाकलेली, भर पावसाळ्यात आंबोली घाटसुद्धा. सप्टेंबर २०२३ मध्ये आम्ही स्विंडनला आलो. माझं काम शहराबाहेरच्या एका गावात, म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये. सकाळची पाळी सातला सुरू होते आणि रविवारी त्या वेळेला बस नसते. त्यामुळे गाडी ही माझ्यासाठी हौस नव्हती, नोकरी टिकवायची होती.

भारताचं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं. ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, जपान यांची लायसन्स बदलून मिळतात, आपलं मिळत नाही. म्हणजे वर्ष संपलं की तुम्ही शिकाऊ: गाडीला पुढेमागे लाल ‘एल’ लावायचा आणि शेजारी किमान २१ वर्षांचा, तीन वर्षं इथे चालणारं पक्कं लायसन्स असलेला माणूस बसवायचा. मी एक जुनी छोटी गाडी घेतली आणि पहिले सहा महिने निवांत चालवली. ती माझी सगळ्यात मोठी चूक. त्या सहा महिन्यांत मला कुणी टोकलं नाही, त्यामुळे जुन्या सवयी आणखी घट्ट झाल्या. शिवाय परीक्षेची तारीख मागितली तेव्हा पाच महिन्यांनंतरची मिळाली. मधल्या काळात वर्ष संपलं आणि गाडी दारात उभी राहिली. जे नुकते आलेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, घराचा पत्ता पक्का झाला की लगेच प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्सचा अर्ज करा. मी ३४ पौंड भरले होते.

थिअरी परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. २३ पौंड, ५० प्रश्न, ४३ बरोबर यायला हवेत. हायवे कोड, म्हणजे इथल्या रस्त्याच्या नियमांचं पुस्तक, मन लावून वाचला की होते. दुसऱ्या भागाचं मात्र सांगायला हवं. त्यात १४ व्हिडिओ दाखवतात आणि रस्त्यावर धोका तयार होताना दिसला की क्लिक करायचं. ७५ पैकी ४४ गुण लागतात. घरी सराव करताना मला वारंवार शून्य मिळायचं. नंतर उमगलं की मी फार लवकर क्लिक करत होते. फुटपाथवर माणूस दिसला की आपल्याकडे चालवणाऱ्याला तो रस्त्यात येणारच असं वाटतं, आणि त्यांच्या हिशेबात धोका अजून सुरूच झालेला नसतो. मग मी एकदा शंका आली की आणि पुन्हा धोका नक्की झाला की, असं दोनदा क्लिक करायला लागले. ५३ गुण मिळाले. उगाच सारखं क्लिक करत राहिलं तर त्या व्हिडिओला शून्य देतात, तेवढं सांभाळा.

शिकवणारे मला दोन मिळाले. पहिल्याकडे मी तासाला ३५ पौंडांनी आठ तास गेले. माणूस वाईट नव्हता, पण दर वेळी तोच रस्ता, मध्येच फोन, आणि तास पन्नास मिनिटांतच संपायचा. “तुम्हाला येतंच की,” हे त्याचं पालुपद. मला ते ऐकायला बरं वाटायचं, आणि तिथेच माझे २८० पौंड गेले. काचेवर त्याचा गुलाबी बिल्ला होता, म्हणजे तो स्वतः अजून प्रशिक्षणात होता. पूर्ण पात्र शिक्षकाचा बिल्ला हिरवा असतो. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय. गुलाबी बिल्ल्याचे सगळेच वाईट असतात असं नाही, पण विचारून घ्यावं.

दुसऱ्या होत्या साठीच्या एक बाई. ३८ पौंड तास, दर वेळी सलग दोन तास. पहिल्या दिवशी त्यांनी मला वीस मिनिटं गप्प बसून चालवू दिलं, गाडी बाजूला घ्यायला लावली आणि विचारलं, “गेल्या पाच मिनिटांत तू मागचा आरसा किती वेळा पाहिलास?” मला सांगता आलं नाही. त्यांनी मोजलं होतं: एकदा. आपल्याकडे मागच्याची काळजी मागचा घेतो, तो हॉर्न देतो. इथे हॉर्न जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून मागे कोण आहे हे स्वतःच पाहावं लागतं. दिशा बदलायच्या आधी आरसा, वेग बदलायच्या आधी आरसा, गाडी हलवायच्या आधी मान वळवून उजव्या खांद्यावरून नजर. माझा हात, पाय, क्लच यांत खोट नव्हतीच. शिकायची होती ती नजर. पुढचे सगळे महिने हेच एक शिकण्यात गेले.

त्यासाठी बाईंनी दिलेला उपाय मी आजही वापरते. चालवताना दिसेल ते मोठ्याने बोलायचं. इंग्रजीत बोलायला गेले की शब्द शोधण्यात माझं लक्ष जायचं. त्या म्हणाल्या, तुझ्या भाषेत बोल, मला कळायची गरज नाही. मग मी मराठीत सुरू केलं: “डावीकडे शाळा, सुटायची वेळ, वीसची पाटी, पाय उचलला. पुढे बस थांबलीय, खालून पाय दिसतायत, कुणीतरी उतरलंय. मागे पांढरी व्हॅन, लांब आहे.” दोन आठवड्यांत डोळे आपोआप पुढे जायला लागले. इतकी साधी गोष्ट, पण माझ्यासाठी सगळं शिक्षण त्यात आलं.

सरावासाठी शेजारचे काका भेटले, मूळचे म्हापशाचे. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं पुष्कळ आहेत, त्यामुळे परक्या गावात कोकणी कानावर पडते आणि मला घरच्यासारखं वाटतं. काकांचं लायसन्स दहा वर्षांचं. माझ्या गाडीवर मी शिकाऊ चालकाचा विमा काढला आणि सुट्टीच्या दर रविवारी सकाळी सात वाजता आम्ही निघायचो. “आरसो पळय, बाय,” म्हणजे आरसा बघ, एवढंच ते शांतपणे म्हणायचे, कधी आवाज चढवला नाही. घरच्या माणसाबरोबर सराव करताना भांडणं होतात असं ऐकून होते. शांत स्वभावाचा माणूस निवडा, मग तो नात्याचा नसला तरी चालेल.

काकांमुळेच मी मॅजिक राउंडअबाउटला घाबरायचं थांबले. स्विंडनचा हा चौक १९७२ पासून आहे. पाच छोटे राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, एका वर्तुळात मांडलेत. त्यांच्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जायचं, आणि मधल्या मोठ्या वर्तुळाभोवती वाहतूक उलट दिशेने फिरते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातांना घाम फुटला होता. काकांनी चौकाच्या अलीकडेच गाडी बाजूला घ्यायला सांगितली. म्हणाले, सगळं चित्र बघू नकोस. समोरची तुटक पांढरी रेघ बघ, आणि उजवीकडून कोण येतंय ते बघ. कुणी नाही, तर पुढच्या रेघेपर्यंत जा. तिथे पुन्हा तेच. त्या दिवशी आम्ही सात फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला माझ्या लक्षात आलं की उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं हा एकच नियम पाच वेळा पाळायचाय. फक्त शेजारच्या मैदानावर फुटबॉलची मॅच असेल तेव्हा नवख्याने तिकडे जाऊ नये.

आणि तरीही मी पहिल्या परीक्षेत नापास झाले ते एका साध्या छोट्या राउंडअबाउटवरच. नोव्हेंबर २०२४, ६२ पौंड भरलेले. सुरुवात छान झाली होती. २० मीटरवरची नंबर प्लेट वाचली, टायरची खोली किमान किती हवी विचारलं, १.६ मिलिमीटर सांगितलं. उलटं जाऊन पार्किंगच्या चौकटीत गाडी लावली. मग नॅव्हिगेशन पाहून स्वतः चालवायची वीस मिनिटं सुरू झाली. त्या राउंडअबाउटवर उजवीकडून एक निळी गाडी येत होती आणि मला वाटलं, बसेल. मी गाडी घातली. बसलीही. धक्का नाही, कुणी हॉर्न दिला नाही. पण त्या निळ्या गाडीला ब्रेक लावावा लागला होता. शेवटी परीक्षकांनी शांतपणे सांगितलं: चार किरकोळ चुका, एक गंभीर. किरकोळ पंधरापर्यंत चालतात, गंभीर एकही चालत नाही. त्यांचं वाक्य माझ्या लक्षात राहिलंय, तुमच्यामुळे दुसऱ्याला वेग बदलावा लागला. आपल्याकडे दुसऱ्याने वेग बदलावा म्हणूनच आपण पुढचं चाक घालतो. माझ्या दहा वर्षांच्या सरावात ती चूक नव्हतीच, ते कसब होतं. मी गाडीत बसून रडले, कारण पुढची तारीख पुन्हा पाच महिन्यांनी होती आणि थंडीत पहाटे टॅक्सीचे पैसे भरायचे होते.

तारखांबद्दल एक इशारा. दलाल जादा पैसे घेऊन तारीख मिळवून देतो म्हणतात. मी त्या वाटेला गेले नाही, तुम्हीही जाऊ नका. सरकारी संकेतस्थळावरूनच भरा. आणि आता तारीख बदलायची किंवा रद्द करायची तर पूर्ण १० कामाचे दिवस आधी करावी लागते, नाहीतर फी बुडते.

दुसऱ्या वेळी सहा किरकोळ चुका झाल्या, गंभीर एकही नाही. दोन किरकोळ चुका फार थांबून राहिल्याबद्दल होत्या. पहिल्या खेपेची धास्ती. मोकळी जागा असताना न जाणं हीसुद्धा इथे चूक धरतात, हे विसरू नका.

खर्च सांगते, कारण मी स्वतः शोधत होते तेव्हा कुणी नीट बेरीज दिली नव्हती. पहिल्याकडे २८०, बाईंकडे २२ तासांचे ८३६, प्रोव्हिजनल ३४, थिअरी २३, दोन परीक्षांचे १२४. एकूण १,२९७ पौंड, विमा आणि पेट्रोल वेगळं. मी गिअरच्या गाडीवर परीक्षा दिली. ऑटोमॅटिकवर दिली असती तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं मिळालं असतं. ज्यांना गिअरची सवय आहे त्यांनी ती सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जे पहिल्यांदाच शिकतायत त्यांचं गणित वेगळं.

आता आठ महिन्यांनंतर. विमा महाग पडतो, तो धक्का मनाशी धरून ठेवा. पहिल्या दोन वर्षांत दंडाचे सहा गुण झाले तर लायसन्स रद्द होतं, म्हणून मी वेगाच्या पाटीच्या बाबतीत फार काटेकोर आहे. काळ्या तिरक्या पट्टीची पांढरी गोल पाटी म्हणजे साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ६० मैलांची मुभा, आणि केअर होमकडे जाणाऱ्या अरुंद, उंच कुंपणांच्या रस्त्यावरही तीच पाटी आहे. तिथे ६० ने जायचं नसतं. आंबोलीच्या वळणांनी जे शिकवलंय ते तिथे उपयोगी पडतं. घोडेस्वार दिसला की वेग १० मैलांवर आणायचा आणि दोन मीटर अंतर ठेवायचं. हे पुस्तकात वाचलं होतं, पण पहिल्याच महिन्यात पहाटे दोन घोडे समोर आले तेव्हा मी बाईंचे मनोमन आभार मानत मागे थांबले.

सगळ्यात जास्त गोंधळ झाला तो दिव्यांचा. आपल्याकडे समोरच्याने दिवे उडवले म्हणजे मी येतोय, थांब. इथे लोक बहुधा तू जा म्हणून दिवे उडवतात. पुस्तक म्हणतं, फक्त आपण आहोत हे कळवायला वापरा. त्यामुळे मी दिव्यांवर विसंबत नाही. गाडी खरंच थांबतेय का ते चाकांकडे पाहून ठरवते.

नोव्हेंबरमध्ये सावंतवाडीला गेले होते. भावाची गाडी घेऊन आईला मोती तलावाजवळ डॉक्टरांकडे नेलं. निघताना मान वळवून मागे पाहिलं तर आईने विचारलं, “कोण राहिलं का गं?” मी म्हटलं, नाही गं, रस्ता बघतेय. तेवढ्यात माझ्या उजव्या खांद्यामागून एक शाळकरी मुलगा सायकलवरून निघून गेला, आरशात तो दिसलाच नव्हता. मी त्याला जाऊ दिलं आणि मग गाडी काढली.