बीबीसीची डिटेक्टिव्ह सिरीज शेरलॉक, सीझन 3, पहिला एपिसोड: एवढी वाट बघून काय मिळालं?
जानेवारी 2012 ला शेरलॉकला बार्ट्स हॉस्पिटलच्या गच्चीवरून उडी मारायला लावली आणि थेट 1 जानेवारी 2014 ला परत आणला, म्हणजे जवळपास दोन वर्षं पब्लिक नुसतं डोकं खाजवत बसलेलं की हा वाचला कसा.. आणि लेखक मार्क गॅटिसने ह्या एपिसोडमध्ये त्याच फॅन लोकांची फिरकी घेतलीय, पोलिसांचा जुना फॉरेन्सिकवाला अँडरसन आख्खा क्लब काढून थिअऱ्या लढवत बसलाय 😂 शेवटी उत्तर काय तर मोठी एअरबॅग आणि नाडी थांबवायला काखेत स्क्वॉशचा बॉल, आणि ते ऐकून अँडरसनच म्हणतो की जरा निराशा झाली! बरेच फॅन यावरून वैतागले, मला मात्र जाम आवडलं.

खरा माल म्हणजे रेस्टॉरंटचा सीन. शेरलॉक वेटर बनून येतो, त्याचा मित्र, मिशीवाला जॉन वॉटसन वर बघतो आणि जॉन झालेला मार्टिन फ्रीमन काही न बोलता नुसत्या चेहऱ्यावर खेळतो, मग जी झोंबाझोंबी सुरू होते ती तीन हॉटेलं बदलून पण थांबत नाही.

ट्रेनमधल्या बॉम्बची केस अगदीच पाणचट हो, बटण दाबलं की बंद?? पाचपैकी साडेतीन, त्यातला अर्धा त्या मिशीला.