सायमा एस१०७जी: पहिलं रिमोटवरचं खेळण्यातलं हेलिकॉप्टर म्हणून घ्यावं का?

घ्यावं, पण घरात उडवायला. गच्चीवर किंवा मैदानात न्यायचं असेल तर हे घेऊ नका. याचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडवर चालतो. खिडकीतून ऊन येत असेल तरी सिग्नल तुटतो, मोटरी बंद पडतात आणि हेलिकॉप्टर धपकन खाली येतं. पडदे ओढा आणि छताचा पंखा आठवणीने बंद करा.

लांबी साधारण २२ सेंटीमीटर, सांगाडा धातूचा. एकावर एक असे दोन पंखे उलट दिशांना फिरतात, त्यामुळे एकाचा पीळ दुसरा मोडतो. वळताना दोन मोटरींच्या वेगात फरक पडतो. नावातला 'जी' जायरोचा, म्हणजे फिरणं ओळखून सावरणाऱ्या सेन्सरचा, तो शेपटी भरकटू देत नाही. शेपटीवरचा आडवा छोटा पंखा नाक झुकवतो, त्यावर पुढे-मागे जाता येतं. आडवं सरकता मात्र येत नाही. तीन चॅनेलमध्ये, म्हणजे रिमोटच्या तीन वेगळ्या हुकमांमध्ये (वर-खाली, वळणं, पुढे-मागे), तेवढंच बसतं.

नवशिक्यांची पहिली चूक थ्रॉटलची, म्हणजे पंख्यांचा वेग कमी-जास्त करणाऱ्या दांडीची. घाबरत घाबरत जमिनीपासून वीतभर उंचीवरच ठेवायला जातात. तिथे पंख्यांचा वारा जमिनीवर आपटून परत येतो आणि हेलिकॉप्टर घसरत जाऊन सोफ्याखाली शिरतं. थ्रॉटल सलग वाढवून गुडघाभर उंची गाठा, मग बोट हलकं ठेवा. आपोआप स्वतःभोवती फिरत असेल तर रिमोटवरचं ट्रिमचं (बारीक सुधारणेचं) बटण उलट बाजूला थोडं थोडं फिरवा. बॅटरी उतरत जाते तसं हे परत करावं लागतं.

आधी शेपटी आपल्याकडे ठेवूनच उडवा. खालच्या फरशीवर वर्तमानपत्राचं पान पसरा आणि त्यावरच उतरवण्याचा सराव करा. ते सहज जमलं की नाक आपल्याकडे वळवा. आता डावं-उजवं आपल्या दृष्टीने उलटं होतं, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. पुढची सगळी हेलिकॉप्टरं याच सवयीवर उडतात, म्हणून इथे घाई नको.

पातं कशालाही टेकलं की त्याच क्षणी थ्रॉटल शून्यावर. मोटर अडकलेल्या पात्याशी झुंजत राहिली तर गिअरचे दात जातात, मोटर तापते. पडल्यावर पाती निरखून बघा. कडेला चीर असेल तर बदला, कारण चिरलेलं पातं सगळं अंग थरथरवतं. वरची आणि खालची पाती वेगळ्या आकाराची असतात, अदलाबदल चालत नाही. स्क्रू करकचून आवळू नका, पातं बोटाच्या धक्क्याने हललं पाहिजे. वरच्या तोल सांभाळणाऱ्या दांडीला पंख्याशी जोडणारे इवलेसे प्लास्टिकचे दुवे सर्वांत आधी तुटतात. हेलिकॉप्टर उगाच गोल गोल घिरट्या घालू लागलं तर आधी तेच तपासा. दांड्याभोवती केस किंवा धागा गुंडाळला असेल तर चिमट्याने काढा.

म्हणून खोक्याबरोबरच पात्यांचा एक जास्तीचा संच आणि दुव्यांची जोडी मागवा. रिमोटला सहा पेन्सिल सेल लागतात. आतली १५० एमएएचची बॅटरी पाऊण तासाच्या चार्जिंगवर सहा ते आठ मिनिटं टिकते. ती आत बंदिस्त आहे, दुसरी लावून लगेच उडता येत नाही. याचा आम्हाला खरंच राग येतो. उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, हेलिकॉप्टरचं बटण बंद करा, मगच चार्जिंग लावा. हेलिकॉप्टरला वर चढणं जड होईपर्यंत उडवत राहिलात तर बॅटरी लवकर दम तोडते.

दोघांनी एकाच खोलीत उडवायचं असेल तर रिमोटचे बँड (सिग्नलचे गट) वेगळे हवेत, नाहीतर एकाचा रिमोट दुसऱ्याचं हेलिकॉप्टर हलवेल. नकली माल भरपूर आहे, सुटे भाग मिळतात का ते आधी विचारा.

नाक आपल्याकडे ठेवून हवं तिथे उतरवता आलं की डब्ल्यूएल टॉईजचं व्ही९११एस घ्या. एकच मोठा पंखा, चार चॅनेल, २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट, त्यामुळे उन्हाची अडचण नाही. शांत हवेत बाहेरही उडतं, आडवंही सरकतं. बॅटरी निघते, तेव्हा दोन-तीन जास्तीच्या घेऊन ठेवा.