कामगंध सापळे : कपाशीत पाच महिने वापरल्यानंतर

आधीच सांगतो, बोंडअळी मारायला म्हणून कामगंध सापळे घेणार असाल तर पदरी निराशा पडेल. अळी येतेय हे वेळेत कळावं म्हणून घ्याल, तर यासारखी कामाची वस्तू नाही.

पेरणीनंतर दीड महिन्याने हेक्टरी ५ या हिशेबाने लावले. नरसाळं, खाली प्लॅस्टिकची पिशवी आणि मध्ये अडकवलेली रबरी लूर म्हणजे गंधाचं आमिष, एवढीच रचना. पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच ठेवायचं, कपाशी वाढेल तसा सापळा वर सरकवायचा. हे मी दोनदा विसरलो आणि तेवढे दिवस पिशव्या जवळपास रिकाम्या राहिल्या.

लूरला असतो तो मादीचा गंध. गुलाबी बोंडअळीची मादी पतंग रात्री पोटाच्या टोकाजवळच्या ग्रंथीतून तो सोडते आणि नर वाऱ्याच्या उलट दिशेने माग काढत येतो. दोन जवळपास सारख्याच रसायनांचं हे साधारण निम्मं-निम्मं मिश्रण. अमेरिकन बोंडअळीची बोली निराळी, तिची लूर वेगळीच घ्यावी लागते. १९५९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी असा गंध पहिल्यांदा ओळखला, तेव्हा रेशीमकिड्याच्या सुमारे ५ लाख माद्या त्यासाठी लागल्या होत्या. हे वाचल्यापासून बोटाच्या पेराएवढी ती लूर मी फार जपून हाताळतो.

एक चूक मात्र महागात पडली. लूर बदलताना जुनी तिथेच झाडाखाली टाकली. रात्री बॅटरी घेऊन गेलो तर करडे-तपकिरी, सेंटीमीटरभर लांबीचे पतंग त्या टाकलेल्या रबराभोवती घिरट्या घालत होते, काही त्यावरच बसलेले. सापळा दोन हातांवर आणि त्यात मोजून तीन. तेव्हापासून जुन्या लूर डब्यात भरून शेताबाहेर नेतो. एका खेपेच्या लूर तर पहिल्या आठवड्यातच निकामी निघाल्या. शेजारच्या सापळ्यात पतंग पडत होते, यांत एकही नाही. पाकीट बंद आणि थंड जागी ठेवलेलं आहे ना, हे विचारूनच घ्या.

रोज सकाळी मोजून वहीत लिहायचं, हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम. सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा. यंदा तो आकडा गाठला त्या दिवशी बाहेरून बोंडं निर्मळ दिसत होती. फोडून पाहिली तर आत बारीक अळ्या. वही नसती तर मी आणखी पंधरा दिवस निवांत राहिलो असतो.

पिशवीत अडकतात ते फक्त नर. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे थोडे नर पकडून अंडी थांबत नाहीत. पिशवी भरली म्हणून खूश होणारे भेटतात, त्यांना मी हे आवर्जून सांगतो.

शेवटच्या वेचणीनंतरही सापळे काढले नाहीत. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उरलेली झाडं, उपटल्या त्या आठवड्यातही रोज चार-पाच पतंग पडत होते.